वीस रुपयांची वर्गणी

एक काळ असा होता, की नाशिकच्या कॉलेजातल्या स्टाफरूममध्ये कोणाचा पगार किती हे कोणाला विचारावं लागत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाची १९७३ची श्रेणी सगळ्यांना पाठ होती. लेक्चररला ७०० ते १६००. माणूस कोणत्या साली चिकटला एवढं कळलं की बाकीचं बोटांवर निघायचं. महागाई भत्त्याचा हप्ता जाहीर झाला की 'गांवकरी'त बातमी यायची आणि ती वाचून बायकोच्या आधी शेजारी विचारायचा, "काय सर, किती वाढले?" 'मेरी'तल्या, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या, इंजिनिअरांची श्रेणी राज्य सरकारची. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधल्या केमिस्टांची केंद्राची. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले जरा बरे, ओझरच्या एचएएलमधले त्याहून बरे. शहरातल्या विज्ञान शिकलेल्या सगळ्या नोकरदारांचे पगार वहीच्या एका पानावर मांडता आले असते. आमच्या विज्ञान मंडळाच्या खजिनदारांनी ते कधी मांडले नाहीत, कारण त्यांच्या डोक्यात ते होतेच.

मंडळ छोटंच. कॉलेजातले प्राध्यापक, शाळांतले विज्ञानशिक्षक, 'मेरी'तले आणि प्रेसमधले काही जण, दोन-चार डॉक्टर. महिन्याला एक व्याख्यान, वर्षाला एक सहल, मासिकांची एक फिरती पेटी. वार्षिक वर्गणी २० रुपये, विद्यार्थ्यांना ५. वीसच का, याचं उत्तर आमचे खजिनदार फार गंभीरपणे देत. त्या वेळच्या कायद्याने २० रुपयांच्या वरच्या पावतीला २० पैशांचं रेव्हेन्यू तिकीट लागे. एकवीस रुपये वर्गणी केली तर रुपया मिळणार आणि त्यातले वीस पैसे तिकिटाला जाणार, शिवाय ती तिकिटं आणायला पोस्टात कोण उभं राहणार? रसायनशास्त्राचे प्राध्यापक असल्याने हे गृहस्थ कुठल्याही प्रक्रियेत वाया काय जातं ते आधी बघत. वर्गणी कितीतरी वर्षं वीसच राहिली.

पावतीपुस्तकात मात्र दोन रकाने होते. पहिला 'वर्गणी', दुसरा 'देणगी'. खरी गंमत दुसऱ्या रकान्यात होती. दिवाळीच्या सुमारास खजिनदार सायकलवरून घरोघर निघत. कॅरिअरला कापडी पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, कार्बन आणि जांभळी कॉपिंग पेन्सिल. चहा व्हायचा. मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून ते पहिल्या रकान्यात २० लिहीत आणि दुसऱ्या रकान्यावर पेन्सिल धरून विचारत, "यंदा सिलेक्शन ग्रेड लागली म्हणे. एक्कावन्न लिहू?" समोरचा माणूस हसायचा, जरा कुरकुरायचा आणि 'लिहा' म्हणायचा. एचएएलमधल्या इंजिनिअरकडे हा आकडा १०१ असे. नवीन लागलेल्या डेमॉन्स्ट्रेटरच्या पावतीवर तो रकाना आडव्या रेघेने बंद केलेला असे, आणि ती रेघही खजिनदार आकडा लिहावा तशी काळजीपूर्वक ओढत. देणगीला तिकीट लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते कितपत कायदेशीर होतं, याची चौकशी कोणी केली नाही.

मंडळाच्या घटनेत उत्पन्नाचा शब्दही नव्हता. कागदावर सगळ्यांना सारखे वीस. व्यवहारात ज्याची जशी ऐपत तसा तो देत होता, आणि ऐपत ठरवायला फॉर्म लागत नव्हता. वसुलीची दुसरी बाजूही अशीच. सोसायटी नोंदणीचा १८६०चा कायदा म्हणतो, की तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या सभासदाला मत नाही, त्याला सभासद म्हणून मोजायचंही नाही. एका शाळेतले प्रयोगशाळा सहायक आमचे सभासद होते. भिंगं घासून दुर्बीण बनवणारे, मंडळातल्या कित्येक एमएस्स्यांपेक्षा हाताने जास्त विज्ञान जाणणारे. मुलीच्या लग्नाच्या साली त्यांची वर्गणी थकली. वार्षिक सभेच्या यादीत मात्र त्यांचं नाव होतं आणि नावापुढे पावती क्रमांकही होता. पैसे कोणी भरले, हे त्यांनाही कळलं नाही. बदली होऊन धुळ्याला, जळगावला गेलेले सभासद मनीऑर्डर करत. वीस रुपयांवर एक रुपया कमिशन सोसत आणि कुपनावरच्या इवल्याशा जागेत व्याख्यानाचा विषयही सुचवत. ती मनीऑर्डर टपाल खात्याने २०१५ मध्ये बंद केली.

आता हे सगळं आठवताना फार गोड मानून घ्यायचं कारण नाही. सगळ्यांना सगळ्यांचा पगार माहीत असणं यात मोकळेपणा होता तितकाच चोंबडेपणाही होता. नवरा-बायको दोघंही प्राध्यापक असले तर वर्गणी एकच घ्यायची, अशी पद्धत होती. 'घरात मासिकाचा एकच अंक येतो' हे कारण. मग वार्षिक सभेत मत कोणाचं? अर्थातच सरांचं. मॅडमचा पगार देणगीच्या रकान्यात धरला जायचा, मतदानात नाही. एका वर्षी वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी खजिनदारांना दारातच सांगितलं, "आमच्या दोन पावत्या फाडा, आणि माझ्या पावतीवर माझं नाव." ते दोन वीस रुपये वहीत पाहताना मला अजून बरं वाटतं. शिवाय ज्याच्या घरी म्हातारे आईवडील, शिकणारे धाकटे भाऊ, त्याचा पगार खजिनदारांना ठाऊक असला तरी खर्च ठाऊक असेलच असं नाही. ऐपतीचा अंदाज चुकला तर सांगायची सोय नव्हती. चहा पिऊन झाल्यावर 'एक्कावन्न जमणार नाहीत' असं कोण म्हणणार?

वर्गणीत पायऱ्या असणं आपल्याकडे नवीन नव्हतंच. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. आणि गावोगावच्या वाचनालयांतून पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग असे सभासद कित्येक पिढ्यांनी पाहिले. पहिल्या वर्गाची वर्गणी जास्त, अनामत जास्त, आणि मिळायचंही जास्त: दोन पुस्तकं, वर ताजं मासिक. तिसऱ्या वर्गाला एकच पुस्तक, तेही नवं येऊन काही महिने लोटल्यावर. म्हणजे पैसे जास्त तर माल जास्त. हा दुकानाचा हिशेब झाला. खजिनदारांच्या दुसऱ्या रकान्याचा हिशेब वेगळा होता. १०१ देणाऱ्याला आणि आडव्या रेघेवाल्याला व्याख्यानाला सारखीच लोखंडी खुर्ची मिळे. हा फरक मला त्या वेळी फारसा जाणवला नव्हता. तो जाणवला एका परदेशी फॉर्ममुळे.

गणिताचे आमचे एक सहकारी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे सभासद होते. ही आपल्या देशातली फार जुनी शास्त्रीय सोसायटी. मद्रास इलाख्यातले डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी पत्रं लिहून लिहून देशभरातले गणितवेडे गोळा केले आणि १९०७ मध्ये ती सुरू झाली. तिचं ग्रंथालय सुरुवातीच्या काळात पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं, रँग्लर परांजप्यांच्या छायेत. या सोसायटीच्या सभासदाला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीत सवलतीने घेतात, म्हणून सरांनी तिकडचा फॉर्म मागवला. वेतनश्रेणी तेव्हा १९८६ची, २२०० ते ४०००. फॉर्मवर वर्गणीचे दर सभासदाच्या वार्षिक उत्पन्नाप्रमाणे वेगवेगळे छापलेले. सरांनी आपला वर्षाचा पगार डॉलरमध्ये काढला, तो तीन हजारांच्या आतच आला. तळाची पायरीही त्यांच्या डोक्यावरून जात होती. स्टाफरूममध्ये हशा पिकला. पण हसून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की फॉर्मबरोबर पगाराचा दाखला मागितलेलाच नाही. स्वतःच्या उत्पन्नाचा गट स्वतः निवडायचा आणि त्याप्रमाणे पैसे पाठवायचे. जर्नल, मत, पत्रव्यवहार सगळ्यांना सारखा. "आणि खोटं लिहिलं तर?" असं कोणीतरी विचारलं. सर म्हणाले, "गणितवाले आहेत. बेरीज चुकली तर चुकू देतील, उत्तर ढापणार नाहीत." परकीय चलनाचा ड्राफ्ट काढायला मात्र बँकेत जो द्राविडी प्राणायाम झाला, त्यात सरांचा उत्साह निम्मा झाला.

ही रीत त्या एका सोसायटीची नाही. तिकडच्या समाजशास्त्रज्ञांच्या संघटनेतही वर्गणी उत्पन्नाप्रमाणे चढत जाते. आंतरराष्ट्रीय गणित संघात तर सभासद माणसं नसून देश असतात. देशांचे पाच गट; वर्गणीचं प्रमाण १, २, ४, ७, १० आणि मतं एकापासून पाचापर्यंत. वर्गणी दहापट चढते, मतं पाचपटच. ज्याने कोणी हे प्रमाण बसवलं असेल, त्याने आयुष्यात कधीतरी एखाद्या मंडळाची वार्षिक सभा नक्की पाहिली असणार.

तसं पाहिलं तर उत्पन्नाचा वाटा द्यायची कल्पना शिकायला आपल्याला परदेशी जायची गरज नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९५६ मध्ये धम्मदीक्षेनंतर नागपूरला केलेल्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धर्मकार्याला द्यावा असं सांगितलं होतं. जकात आहेच. पण विज्ञानापुरतं बोलायचं तर सगळ्यात चोख उदाहरण उसाचं. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये उभी राहिलेली, आता वसंतदादांच्या नावाची शुगर इन्स्टिट्यूट सहकारी कारखान्यांच्या पैशावर चालत आली, आणि तो पैसा गाळलेल्या उसाच्या टनावर ठरत आला. ऊस जास्त तर वर्गणी जास्त. दुष्काळात ऊस कमी, वर्गणीही आपोआप कमी. दिंडोरी तालुक्यात 'कादवा' कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला कोणी विचारलं, की तुम्ही ऊस संशोधनाचे वर्गणीदार का, तर तो 'नाही बुवा' म्हणेल. नवं बेणं, मातीची तपासणी, रोगाचा सल्ला यांना त्याच्या टनांचा हातभार लागलेला असतो, आणि त्यासाठी त्याच्या दारात पिशवी घेऊन कोणी आलेलं नसतं. नाशिक जिल्ह्यातले कारखाने पुढे एकामागून एक आजारी पडले, ती वेगळी कथा.

आमच्या मंडळाने मात्र भलतीच वाट धरली. नव्वदच्या आसपास कोणीतरी आजीव सभासदत्वाची टूम काढली. एकदाच ५०० रुपये भरा, जन्मभराची कटकट गेली. गणित बिनतोड दिसत होतं. बँकेत मुदत ठेवीला १२ टक्क्यांपर्यंत व्याज मिळायचे ते दिवस. पाचशेला वर्षाला साठ रुपये, म्हणजे तीन वर्गण्या! ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. खजिनदार एकटेच गप्प होते. पायही थकले होते, त्यामुळे त्यांनी विरोध केला नाही. एवढंच म्हणाले, "पाचशे रुपये एकदम कोण देणार, ते बघा."

ते बघायला हवं होतं. दिले कोणी, तर ज्यांच्याकडे एकरकमी पाचशे होते त्यांनी. प्रयोगशाळा सहायक, खासगी शाळांतले शिक्षक, नुकते लागलेले पोरगे वार्षिक सभासदच राहिले. आणि आता घरोघर जायचं कारण उरलं नसल्यामुळे त्यांच्याकडेही कोणी जाईना. दोन-तीन वर्षांत त्यांची नावं यादीतून गळाली. दुसरीकडे आजीव सभासदांचे पगार चढत गेले. १९९६ची श्रेणी ८००० पासून, २००६ची १५,६०० पासून, २०१६ची ५७,७०० पासून. देणगीचा रकाना नव्या पावतीपुस्तकात छापलाच नाही. ज्या माणसाने लेक्चरर असताना पाचशे भरले, तो विभागप्रमुख झाला, प्राचार्य झाला, निवृत्त झाला, तरी मंडळाच्या लेखी तो पाचशेचाच. आणि व्याज? ठेवीचा दर साडेसहा-सातावर आला. त्या पाचशेचे आज वर्षाला पस्तीस रुपयेसुद्धा धड होत नाहीत. व्याख्यानाला पूर्वी कॉलेजचा वर्ग फुकट मिळे, शिपायाला चहाचे पैसे दिले की झालं. आता सभागृहाचं भाडं, प्रोजेक्टरचं भाडं, ऑडिटरची फी. १९८६च्या मार्चात हॅलेचा धूमकेतू बघायला पहाटे गंगापूर धरणावर आम्ही सायकली हाणत गेलो होतो. आता तसा कार्यक्रम ठरला तर बस, परवानगी आणि नाश्ता यांचं अंदाजपत्रक आधी मांडावं लागतं.

सध्या नव्या सभासदाला वार्षिक वर्गणी ५०० रुपये आहे. परवा सहज हिशेब केला. ७०० मूळ वेतनावर वीस रुपये ज्या प्रमाणात होते, त्या प्रमाणात ५७,७०० वर साधारण साडेसोळाशे होतात. म्हणजे कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला आजची वर्गणी त्या काळच्या एक तृतीयांशाहून कमी पडते, आणि तरी 'पाचशे जास्त नाहीत का हो?' असं विचारणारे बहुतेक त्यांच्यातलेच. त्याच स्टाफरूममध्ये, त्याच टेबलावर डबा उघडून तासिका तत्त्वावरची मुलं बसतात. नेट-सेट झालेली, काहींची पीएचडी झालेली. पैसे तासावर, नेमणूक सत्रापुरती, बिल कधी निघेल त्याचा भरवसा नाही, आणि मे महिन्यात काहीच नाही. त्यांना ५०० म्हणजे ५००च. १९७५ साली एका टेबलावरच्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात नव्या लेक्चररच्या मूळ पगारात फार तर सव्वादोन पटींचा फरक होता. आज तो किती पट आहे हे मी लिहीत नाही. लिहिताना लाज वाटते. सगळ्यांना सारखी वर्गणी त्या काळी खपून गेली, कारण पगारच जवळपास सारखे होते. आज सारखी वर्गणी मागणं म्हणजे कोणाला येऊ नका म्हणून सांगणं आहे.

आणि आता कोणाचं काय चाललंय हे कळायची सोयही राहिलेली नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली, आयटीतली नवी मंडळी मंडळात येतात, पण पॅकेज सांगायचं नाही अशी त्यांच्या नेमणूकपत्रातच अट असते म्हणे. वर्गणी क्यूआर कोडवर येते. खजिनदाराच्या मोबाइलवर नाव, रक्कम आणि 'मेम्बरशिप' एवढा शब्द. व्हॉट्सअॅपच्या गटात भरलेल्यांच्या नावापुढे हिरवी खूण. चहा नाही, कुरकुर नाही, चोंबडेपणा नाही. ज्याच्या नावापुढे खूण नाही तो विसरला, रागावला की अडचणीत आहे, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून यंदाच्या वार्षिक सभेत तीन गटांचा प्रस्ताव मांडला. सभासदाने आपलं वार्षिक उत्पन्न मनात धरून गट स्वतः निवडायचा: २००, ६०० किंवा १५०० रुपये. पुरावा मागायचा नाही. आजीव सभासदांनीही यापुढे दरवर्षी निदान मधल्या गटाइतकी देणगी द्यावी, अशी विनंती. सक्ती करायला कायदा आड येतो.

चर्चा अपेक्षेप्रमाणे रंगली. "फॉर्म-१६ मागणार का?" "आपण विज्ञान मंडळ की इन्कम टॅक्स ऑफिस?" "सगळे दोनशेच भरतील, लिहून ठेवा." एक हुशार सूचना अशी आली, की ज्याला आयकर लागत नाही तो तळाच्या गटात, असा साधा नियम करावा. लगेच कोणीतरी आठवण करून दिली, की नव्या कररचनेत आता १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही. म्हणजे अर्धे प्राध्यापक आणि झाडून सगळे शाळामास्तर दोनशेत! ती सूचना मागे घेतली गेली.

मागच्या रांगेतून तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवणारी एक मुलगी उठली. "सर, दोनशे मला परवडतील. पण ती यादी गटाप्रमाणे ग्रुपवर टाकू नका." यावर कोणाला काही बोलायला सुचेना. मग गट फक्त खजिनदाराला माहीत असेल, वार्षिक अहवालात नुसती एकूण जमा छापायची, असा शब्द ठरावात घातला. तो शब्द घालताना आमच्या जुन्या खजिनदारांच्या डोक्यातल्या वहीची आठवण निदान आम्हा तिघा-चौघांना झाली असेल.

प्रस्ताव पास झाला. घोडं अडलंय ते पेन्शनरांवर. नव्या मंडळींचं म्हणणं, की २००५च्या नोव्हेंबरपासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तेव्हा ज्यांना ती मिळते त्यांनी पंधराशेचा गट घ्यावा. पेन्शनरांचं म्हणणं, की पेन्शन निम्मी, औषधं दुप्पट, मुलं परदेशात, त्यामुळे त्यांना सरसकट दोनशे. उपसमिती नेमली आहे. माझी स्वतःची पेन्शन बरी आहे, आणि पंधराशे भरावेत असं मी सभेत बोललो. बोलल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या प्राचार्यांनी अबोला धरलाय, आणि उपसमितीतल्या पाचांपैकी चार जण पेन्शनर आहेत.